पन्नास टक्क्यांची रेघ ओढणारे न्यायमूर्ती

गेल्या संविधान दिनी गडचांदूरच्या विहारात कार्यक्रम होता. भाषणे झाली, उद्देशिकेचे वाचन झाले. चहा वाटप सुरू असताना बारावीत शिकणारा एक मुलगा आमच्याजवळ आला आणि विचारू लागला, की आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये असे घटनेच्या कोणत्या कलमात लिहिले आहे? त्याने म्हणे सगळी घटना चाळली होती आणि त्याला ते सापडत नव्हते. आजूबाजूला आमचे काही शिक्षक बांधव उभे होते. एकाने सोळावे कलम सांगितले, दुसऱ्याने पंधरावे. मुलगा मान हलवत राहिला. त्याचे खरे होते. असे कोणतेही कलम घटनेत नाही. तो आकडा एका न्यायमूर्तीच्या लेखणीतून आला आणि ते न्यायमूर्ती आपल्याच महाराष्ट्रातले, साताऱ्याचे. न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे त्यांचे नाव.

चळवळीत हे नाव फारसे घेतले जात नाही. घेतले तर एका वाक्यात निकाली काढले जाते. ब्राह्मण न्यायाधीश, दुसरे काय लिहिणार, असे आम्हीही कॉलेजात असताना म्हटलेले आहे. पुढे वकिली करताना त्यांचे निकाल मुळातून वाचावे लागले आणि आमचे ते एक वाक्य टिकेना. म्हणून आज या माणसाची हकीकत सांगायची आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात तो गोणपाटावर वेगळा बसे, पाण्याला हात लावायची त्याला मुभा नव्हती. हे आपल्या घराघरांत पाठ आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १६ मार्च १९०१ रोजी, त्याच सातारा गावात एका वैदिक पंडिताच्या घरी प्रल्हादचा जन्म झाला. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान. घराणे माध्व संप्रदायाचे. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईत संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. एका मुलाला पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. दुसऱ्याच्या कानावर संस्कृत पाळण्यातच पडत होते. गाव एक, काळ एक आणि दोघांचाही पुढचा रस्ता कायद्याचाच. आमच्या मते गजेंद्रगडकरांचे सगळे मोठेपण आणि त्यांची सगळी मर्यादा या दोन घरांमधल्या अंतरात आहे.

शालेय शिक्षण साताऱ्यात, मग धारवाडचे कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. १९२४ मध्ये एम.ए., १९२६ मध्ये पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएल.बी. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू. हिंदू कायदा हा त्यांचा हातखंडा. दत्तकमीमांसा या जुन्या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी तयार केली आणि हिंदू कायद्यावरचे एक त्रैमासिकही चालवले. १९४५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

स्मृतिग्रंथ मुळातून वाचलेला हा माणूस हिंदू कोड बिलाचा समर्थक होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. धर्मशास्त्र बदलत आले आहे आणि बदललेच पाहिजे, ही त्यांची भूमिका. पण १९५१ च्या जुलै महिन्यात नरसू आप्पा माळी खटल्यात त्यांनी आणि मुख्य न्यायाधीश छागला यांनी जो निर्णय दिला, त्याची दुसरी बाजूही आहे. मुंबई राज्याने केलेला द्विभार्या प्रतिबंधक कायदा त्यांनी वैध ठरवला. ते चांगलेच झाले. मात्र त्याच निकालात त्यांनी असेही ठरवले, की धर्माधारित व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत. त्याच सुमारास दिल्लीत बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी एकाकी झुंजत होते आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेचा रस्ता तिथे अडला. कोर्टाचा रस्ता मुंबईत दोन महिने आधीच बंद झाला होता. स्त्रियांना तो निकाल पुढे कितीतरी वर्षे अडवत राहिला.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, जानेवारी १९५७ मध्ये, गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. घटना लिहिणारा गेला आणि तिचा अर्थ लावणारे आले. पुढची नऊ वर्षे या देशात कामगार, आरक्षण आणि देवळे या तिन्ही प्रश्नांवर त्यांच्या लेखणीचा ठसा उमटला.

कामगारांचे आधी सांगतो, कारण आमचे गाव सिमेंटच्या धुराड्यांचे आहे. इथे शिफ्टचा भोंगा वाजला की चहाच्या टपऱ्या भरतात, आणि दिवाळी जवळ आली की टपरीवर बोनसशिवाय दुसरा विषय नसतो. बोनस ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी, असे पूर्वी मालक मानत. नफ्यातून काय काय वजा करायचे आणि उरलेल्या रकमेत कामगाराचा वाटा कसा काढायचा, याचे सूत्र कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५० साली गिरणी कामगारांच्या प्रकरणात घालून दिले. ते सूत्र सर्वोच्च न्यायालयात तपासले गेले १९५९ मध्ये, आणि ते प्रकरण होते सिमेंट कामगारांचे. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या द्वारकेच्या कारखान्यातले कामगार विरुद्ध कंपनी. निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. घसारा, आयकर, भांडवलावरचा परतावा, यंत्रसामग्रीच्या पुनर्स्थापनेची तरतूद हे सगळे वजा होऊन जे उरते त्यावर कामगाराचा हक्क आहे, हे सूत्र त्यांनी कायम ठेवले. कामगारांच्या पुढाऱ्यांना वजावटी जास्त वाटल्या आणि त्यांचे चुकीचे नव्हते. तरीही बोनस हा हिशेबाने मागायचा हक्क आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. १९६५ चा बोनस कायदा त्यानंतरचा. त्याच कंपनीचा कारखाना आमच्या घुग्गुसला अनेक वर्षे चालला. तिथल्या किती कामगारांना हा निकाल ठाऊक होता, कोण जाणे.

सामाजिक न्याय हा शब्द त्यांच्या कामगारविषयक निकालांत पुन्हा पुन्हा येतो. मालक आणि मजूर यांच्यातला करार हा बरोबरीच्या दोघांमधला नसतो, हे त्यांना चांगले उमजले होते. मजुरीच्या बाबतीत जे उमजले ते जातीच्या बाबतीत कितपत उमजले, हा आमचा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर आपल्या बाजूचे आहे. रेल्वे बोर्डाने अनुसूचित जाती-जमातींना पदोन्नतीतही आरक्षण दिले. दक्षिण रेल्वेतले रंगाचारी नावाचे कर्मचारी त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. एप्रिल १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल तीन विरुद्ध दोन असा फिरवला. बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांचा. खालच्या पायरीवर घ्यायचे आणि वरच्या पायऱ्या बंद ठेवायच्या, याला पुरेसे प्रतिनिधित्व म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा पाया हा. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर आपल्या हजारो कर्मचारी बांधवांची सेवापुस्तके वेगळी दिसली असती. १९९२ च्या मंडल निकालात हा पाया उखडला गेला आणि १९९५ ची ७७ वी घटनादुरुस्ती करून संसदेला तो पुन्हा घालावा लागला. महाराष्ट्रात ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतली आरक्षित पदे सेवाज्येष्ठतेने भरायला सुरुवात झाली, तेव्हा मोर्चे काढणाऱ्यांपैकी किती जणांनी गजेंद्रगडकरांचे नाव घेतले? आम्हीही घेतले नाही.

आणि मग दीड वर्षात बालाजी खटला. म्हैसूर सरकारने ३१ जुलै १९६२ रोजी आदेश काढून वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ६८ टक्के जागा राखीव केल्या. मागासवर्गांना २८, अतिमागासांना २२, अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना ३. अनुसूचित जाती-जमातींच्या १८ टक्क्यांबद्दल अर्जदारांची तक्रारच नव्हती. भांडण उरलेल्या ५० टक्क्यांवर होते. २८ सप्टेंबर १९६२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश रद्द केला आणि निकालपत्र गजेंद्रगडकरांनी लिहिले. त्यात दोन गोष्टी आहेत. मागासलेपण ठरवताना केवळ जात हा एकमेव निकष चालणार नाही, ही पहिली. दुसरी आकड्याची. स्थूलमानाने बोलायचे तर राखीव जागा निम्म्याहून कमी असाव्यात, नेमक्या किती ते त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, अशा अर्थाचे ते विधान आहे. आम्ही ते अनेकदा वाचले. बोलता बोलता हाताने अंदाज दाखवावा तसे ते आहे. ५० हाच आकडा का, ४५ का नाही, ६० का नाही, याचे काही गणित तिथे नाही. बोनसच्या निकालात घसाऱ्याच्या पैपैचा हिशेब मांडणाऱ्या न्यायमूर्तींनी इथे हिशेब मांडलाच नाही.

त्या मागचा विचार असा, की समान संधी हा नियम आणि राखीव जागा हा अपवाद, आणि अपवादाने नियमाला गिळू नये. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण विरोधी वकील ती आपल्या तोंडावर फेकतात. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीही राखीव जागा अल्प संख्येपुरत्या मर्यादित राहिल्या पाहिजेत असे सांगितले होते, आणि ७० टक्के जागा राखून उरलेल्या ३० खुल्या ठेवल्या तर समान संधीला अर्थ उरेल का, असा दाखलाही दिला होता. ते भाषण लपवण्यात हशील नाही. पण बाबासाहेबांनी घटनेत आकडा लिहिला नाही, हेही तितकेच खरे. लिहायचा असता तर त्यांच्या हातात लेखणी होती. कोण मागास ते सरकारने ठरवावे आणि राखीव जागा बेसुमार झाल्या तर न्यायालयाने त्या त्या प्रकरणात पाहावे, अशी ती व्यवस्था होती. परिस्थितीनुसार ताणायला जागा ठेवलेली.

गजेंद्रगडकरांनीही खरे तर जागा ठेवली होती. ती नंतरच्यांनी बुजवली. ऑगस्ट १९६३ मध्ये देवदासन खटल्यात केंद्राचा अनुशेष पुढे नेण्याचा नियम याच ५० च्या आकड्यावर आपटून फुटला. न्या. सुब्बा राव एकटे विरोधात राहिले. राखीव जागा हा अपवाद आहे असे समजू नका, तो समान संधीचाच भाग आहे, ही त्यांची मांडणी पुढे १९७५ च्या थॉमस खटल्यात मान्य झाली. तोवर अपवादाच्या पायावर उभा केलेला आकडा मात्र पक्का झाला होता, आणि १९९२ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला नियमाचे रूप दिले. दुर्गम भागासारख्या असाधारण परिस्थितीपुरती एक फट ठेवून. त्याच आकड्यावर ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षण पडले. आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्थिकदृष्ट्या दुर्बलांचे १० टक्के आले, तेव्हा तीच रेघ लवचीक आहे, त्या आरक्षणाला ती लागूच नाही, असे बहुमताने ठरले. साठ वर्षे आम्हाला लोखंडी सांगितलेली रेघ एका दिवसात रबरी निघाली.

तो आकडा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत काय करतो ते पाहा. आदिवासींची संख्या मोठी म्हणून जिल्हास्तरीय नोकऱ्यांत त्यांचा टक्का वाढवला, ते योग्यच होते. पण बेरीज हद्दीत बसवायची म्हणून ओबीसींचा टक्का कापला. चंद्रपुरात ११ आणि गडचिरोलीत अवघा ६. वर्षानुवर्षे गोंड-कोलामांचा मुलगा आणि कुणबी-तेल्याचा मुलगा एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले. २०२१ मध्ये सरकारने हे आकडे १९ आणि १७ केले, तोवर एक पिढी वयोमर्यादा ओलांडून गेली होती. दुर्गम भागासाठीची ती फट ज्यांच्यासाठी असावी असे वाटते, त्या जिल्ह्यांतच ती इतका काळ कुणाला दिसली नाही.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर भारताचे सातवे सरन्यायाधीश झाले. त्या कारकिर्दीतले दोन निकाल बौद्ध म्हणून आम्हाला एकमेकांशेजारी ठेवून वाचावेसे वाटतात.

पहिला १९६४ चा. डी. पी. मेश्राम १९६२ साली नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले होते. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा पंजाबराव नावाच्या प्रतिस्पर्ध्याचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि निवडणूक रद्द झाली. घटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात बौद्धही येतात, हा युक्तिवाद चालला नाही. ते स्पष्टीकरण तेवढ्याच कामापुरते, असे ठरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चांद्यात ज्यांनी बाबासाहेबांच्या समोर हात जोडून दीक्षा घेतली, त्यांना कायद्याने सांगितले की तुम्ही आता बाहेरचे.

दुसरा १४ जानेवारी १९६६ चा, आणि तो स्वतः गजेंद्रगडकरांनी लिहिला. अहमदाबादचे मूळदास भूदरदास वैश्य हे दलित कार्यकर्ते. १९४७ च्या मंदिर प्रवेश कायद्यानंतर ते स्वामीनारायण मंदिरात जाणार म्हणून सत्संगी मंडळींनी जानेवारी १९४८ मध्ये दावा दाखल केला. आमचा पंथ हिंदू नाहीच, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही, हा त्यांचा बचाव. म्हणजे अस्पृश्याला आत घेण्यापेक्षा हिंदू धर्म सोडलेला बरा! खालच्या कोर्टात ते जिंकले, उच्च न्यायालयात १९५८ मध्ये हरले आणि अठराव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही हरले. या भीतीच्या मुळाशी अंधश्रद्धा आणि अज्ञान आहे, असे गजेंद्रगडकरांनी स्पष्ट लिहिले. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या बाजूने सरन्यायाधीशाने लिहिलेले ते निकालपत्र आहे, आणि ते वाचताना आमचा ऊर भरून येतो.

पण हिंदू कोण हे ठरवायला त्यांनी जी लांबलचक चर्चा केली, तिथे साताऱ्याचे ते पंडिताचे घर बोलू लागते. हिंदू धर्म ही जीवनपद्धती, तिला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, तिच्यात वेळोवेळी सुधारक झाले. आणि त्या सुधारकांच्या मालिकेत त्यांनी बुद्धालाही बसवले, महावीरालाही आणि बसवण्णांनाही. बावीस प्रतिज्ञा घेऊन दहा वर्षेही झाली नव्हती. मतदारसंघाच्या वेळी आम्ही बाहेरचे आणि व्याख्येच्या वेळी आमचा बुद्ध घरातला. दोन्ही निकाल कायद्याच्या भाषेत वेगवेगळ्या प्रश्नांवरचे आहेत, हे वकील म्हणून आम्हाला कळते. बौद्ध म्हणून मात्र ते पचत नाही. १९९० मध्ये कायदा झाला आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात मिळाल्या. मेश्रामांच्या निकालानंतर सव्वीस वर्षांनी.

१५ मार्च १९६६ रोजी ते निवृत्त झाले. घरी बसले नाहीत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष, १९७१ ते १९७७ विधी आयोगाचे अध्यक्ष. श्रम आयोगाचा १९६९ चा अहवाल कंत्राटी आणि असंघटित मजुरांबद्दल बरेच काही सांगतो. आमच्या कारखान्यांच्या गेटबाहेर ठेकेदाराची वाट पाहणाऱ्या पोरांना तो आजही वाचून दाखवता येईल. विधी आयोगाच्या काळात मात्र आणीबाणी येते. सरन्यायाधीशपद भूषवलेल्याने निवृत्तीनंतर सरकारने दिलेल्या पदांवर इतकी वर्षे राहावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आम्हाला तो रास्त वाटतो.

१९७२ मध्ये पद्मविभूषण. १२ जून १९८१ रोजी निधन. उतारवयात त्यांनी न्यायपीठावरच्या आयुष्याकडे मागे वळून पाहत इंग्रजीत आठवणी लिहिल्या. 'टू द बेस्ट ऑफ माय मेमरी' हे ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८३ साली प्रसिद्ध झाले. न्यायाधीशाच्या आठवणी वाचताना आमचा एक अनुभव आहे. तिथे सहकारी असतात, समारंभ असतात, पंतप्रधान असतात. ज्याचा दावा अठरा वर्षे चालला तो माणूस क्वचितच भेटतो. त्यापेक्षा निकालपत्रे वाचावीत. तिथे न्यायाधीशाला स्वतःबद्दल लिहायचे नसते, म्हणून तो जास्त सापडतो.

२०२५ च्या मे महिन्यात अमरावतीचे न्या. भूषण गवई त्याच खुर्चीत बसले. पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आमच्या गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले. त्याच न्या. गवईंनी २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लावण्याचा विचार मांडला होता आणि चळवळीतल्या अनेकांना तो मान्य नव्हता. पेढे वाटणाऱ्यांतही ते लोक होते. खुर्चीत आपला माणूस असला तरी निकाल वाचावाच लागतो, आणि परका असला तरी.

त्या मुलाला आम्ही बालाजी निकालाची झेरॉक्स दिली. इंग्रजी जड आहे, म्हणून दर रविवारी विहारात चार-पाच मुले बसतात आणि आम्ही परिच्छेदागणिक मराठीत सांगतो. ६८ टक्क्यांच्या बेरजेपाशी त्याने आम्हाला थांबवले आणि विचारले, की म्हैसूरमध्ये मागासवर्गीय तेव्हा एकूण किती टक्के होते? त्यावर तासभर बोलणे झाले. पुढच्या रविवारी रंगाचारी घेणार आहोत.